नकाशात नसलेली ओसरी

वाटी टेबलाच्या कडेवरून घसरली, लाकडी जमिनीवर पडली आणि गोल गोल फिरत राहिली. आधी खणखणीत, मग मंद, मग स्वतःशीच काही पुटपुटल्यासारखी. थांबली. तिच्याखाली दाबून ठेवलेला नकाशाचा कोपरा सुटला आणि सबंध कागद सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा, गुंडाळला गेला.

जेवणानंतरच्या दीड तासात घरात झालेला हा पहिला आवाज होता.

अरुंधती सोफ्यावर होती. स्पृहाचं डोकं तिच्या मांडीवर, कपाळावर घामाने चिकटलेली एक बट. तिने मान वळवून पाहिलं, पण उठली नाही. उठली तर लेक जागी होईल, हे एक. दुसरं म्हणजे त्या नकाशाला हात लावायचा नाही असं तिने गुरुवारीच ठरवलं होतं. देवदत्तने तो ऑफिसातून आणला आणि घरातल्या सगळ्या वाट्या कडांवर ठेवून पसरला, तेव्हापासून जेवायचं टेबल हे टेबल राहिलंच नव्हतं. तिथे साठ खाटांचं एक हॉस्पिटल होतं. इराकच्या उत्तरेला, एका नदीच्या वळणावर, लढाईने उद्ध्वस्त केलेल्या गावातलं एकुलतं एक. जुन्या इमारतीची एक भिंत, एक जिना आणि अर्धा तळमजला उरला होता. बाकीचं नव्याने बांधायचं होतं, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या नळ्या आणि हवा खेळवायची यंत्रणा देवदत्तने बसवावी, असं त्याच्या कंपनीचं म्हणणं होतं. सप्टेंबरपासून, दहा महिने, तिथे राहून. उत्तर मंगळवारी हवं होतं.

खिडकी उघडी होती. हायडेलबर्गवर मे महिन्यातला रविवार पसरला होता, आणि इथल्या रविवारी कोणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. नदीकाठच्या पॉप्लरचा कापूस तरंगत आत येत होता, कुठे उतरावं हे अजून ठरवलं नसल्यासारखा.

"दादा," गालिच्यावर उताणी पडलेली मुक्ता डोळे न उघडता म्हणाली, "तुझं हॉस्पिटल गुंडाळलं गेलं."

"असू दे," बाल्कनीतून देवदत्तचा आवाज आला.

"नाही म्हणजे, जेवताना आम्ही तिघींनी तेच केलं होतं. आता कागदालाही पटलं."

मुक्ता ही देवदत्तची धाकटी बहीण, लांब सुट्टी आली की म्युनिकहून यायची, आणि घरात जे कोणी बोलत नाही ते बोलून टाकायची. जेवताना ती म्हणाली होती की लोक लढाईतून इकडे पळून येतात आणि आमचा दादा उलट्या दिशेची गाडी धरतो. त्यांच्या आई, मनोरमाबाई, म्हणाल्या होत्या, "एक माणूस घालवलाय मी. जायचं नाही. विषय संपला." आणि अरुंधती काहीच बोलली नव्हती. ती फक्त उठून कोशिंबिरीचं भांडं धुवायला लागली होती, अर्धी कोशिंबीर त्यात असताना.

कारण मंगळवारी तिलाही एक कागद पाठवायचा होता. तो फ्रीजवर, स्पृहाने काढलेल्या निळ्या मांजराखाली, चुंबकाने लावलेला होता. तीन वर्षं गेली होती त्या कागदापर्यंत पोचायला. आधी भाषेच्या परीक्षा, मग पुण्याची पदवी, तिचं भाषांतर, त्यावर शिक्का, मग शिक्का चुकीचा म्हणून परत. आता मानहाइमच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात, एक सप्टेंबरपासून, पूर्ण वेळ नोकरी. फक्त सही राहिली होती. स्पृहाचं किटा, म्हणजे पाळणाघर, दोनला बंद व्हायचं. देवदत्तने कबूल केलं होतं की तो सकाळी सहाला कामावर जाईल आणि दोनला तिला आणेल. किटाच्या पायऱ्यांवर बसून कबूल केलं होतं, पावसाची सर थांबायची वाट बघताना, स्पृहाचा एक बूट हातात घेऊन. त्या बुटासकट तिला ते आठवत होतं.

*

मनोरमाबाई आतल्या खोलीत झोपल्या नव्हत्या. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला दुपारची झोप येत नाही, आणि भांडं पडल्याच्या आवाजावर पडून राहता येत नाही. त्या आल्या, वाकल्या, वाटी उचलली, पदराने पुसली. मग ती ठेवायची तर कागद उलगडायला हवा, म्हणून त्यांनी कागद उलगडला. एका हाताने जमेना, म्हणून दुसरी वाटी, तिसरी वाटी.

तीन आठवड्यांपूर्वी कोरेगावहून आल्यापासून त्या या घरात पाहुण्यासारख्या वावरत होत्या. नव्वद दिवसांचा व्हिसा; त्यातले किती उरले ते त्यांना रोज उठल्या उठल्या माहीत असायचं. यजमान, नाना, गेल्यापासून लेक म्हणत होता ये, ये. आल्यावर मात्र इथे त्यांना कळण्यासारखं काही सापडेना. बसची बटणं, कचऱ्याचे चार रंग, शेजारणीचं ते हसून एकच शब्द बोलणं.

पण हा कागद त्यांना कळत होता. अक्षरं जर्मन होती तरी कळत होता. हा जनरल वॉर्ड. ही सिस्टरची खोली, इथून बारा खाटा एका नजरेत, छान. इथे मळके कपडे, इथे बेडपॅन धुवायचं, आणि दोघांची वाट वेगळी. कोणीतरी विचार केला होता. त्यांचं बोट कागदावरून चालू लागलं, जुन्या सवयीने, खाटेमागून खाट, जणू राउंडला निघाल्या होत्या. पॉप्लरचा कापूस एका खाटेवर येऊन बसला. त्यांनी तो फुंकून उडवला, दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

मग बोट थांबलं. परत दारापाशी गेलं. पुन्हा आत आलं.

"देवा," त्यांनी हाक मारली. "माणसं कुठे आहेत रे?"

देवदत्त बाल्कनीच्या दारात आला. "कसली माणसं?"

"पेशंटबरोबरची."

"आहे की. ही बघ, भेटायला येणाऱ्यांची खोली. आठ खुर्च्या."

"साठ खाटा," मनोरमाबाई म्हणाल्या. "आठ खुर्च्या."

गालिच्यावरून मुक्ता कोपरांवर उठली. "आई, तू बोलतेयस हे? चार वाजले, नातेवाईक बाहेर, चला, चला. आम्ही घरी तुझी नक्कल करायचो. दादा पेशंट, मी सिस्टर, आणि शेजारच्या सुधाकाकूंचा कुत्रा नातेवाईक."

"हाकलायचे की. रोज हाकलायचे." त्या चिडल्या नाहीत. "पण बाहेर हाकलायचं तर बाहेर असायला लागतं, मुक्ता. आमच्याकडे ओसरी होती. वडाखाली पार होता. हाकललेली माणसं तिथे बसायची, भात शिजवायची, रात्री तिथेच आडवी व्हायची. आणि पहाटे तीनला पेशंट घाबरला की मीच दार उघडून हाक मारायचे, अमक्याची आई आहे का?" त्यांनी नकाशावर हात फिरवला. "इथे मी कोणाला हाक मारू?"

देवदत्त टेबलाशी आला. "आल्झो, म्हणजे, ती जर्मन पद्धत आहे आई. इथे सगळं स्टाफ बघतो."

"इथे म्हणजे कुठे? बांधताय तिकडे ना?"

मग बहुधा काहीतरी दाखवायचं म्हणून त्याने लॅपटॉप आणला. पाहणीला गेलेल्या लोकांनी काढलेले फोटो होते. छत नसलेला वॉर्ड, त्यात आभाळ. एका खाटेच्या सांगाड्यावर वाळत घातलेला लहान मुलाचा स्वेटर. जिना, जो कुठेच जात नव्हता. मनोरमाबाई चष्मा सावरून बघत होत्या. एका फोटोवर त्यांनी त्याचा हात धरला.

"हे काय आहे?"

मागची भिंत होती. भिंतीला टेकून पत्र्याची झुकलेली शेड, आणि शेडखाली मातीचा एक फुगीर, काळवंडलेला रांजण जमिनीत अर्धा पुरलेला.

"तंदूर. रोटी भाजायचा."

"कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे... लोकांचा. पेशंटचे घरचे येऊन भाजत असतील."

"धूर दिसतोय."

देवदत्त वाकला. त्याने हा फोटो वीस वेळा पाहिला होता. धूर होता. इमारत पडली होती आणि मागे कोणीतरी अजून रोट्या भाजत होतं.

"हे नकाशात कुठे आहे?"

"नाहीये. ते अनधिकृत बांधकाम आहे, आई. पाडायच्या यादीत आहे. तिथे माझी ऑक्सिजनची टाकी येते, तिच्याजवळ विस्तव चालत नाही."

"यादी कोणी केली?"

खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. तिच्या साखळीचा टकटक आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"मी," देवदत्त म्हणाला.

*

ते म्हणताना त्याला नानांचे दवाखान्यातले ते शेवटचे अकरा दिवस दिसले. म्हणजे नाना दिसले नाहीत. नाना त्या दिवसांत कधी दिसलेच नव्हते, फक्त छत दिसायचं आणि हिरव्या पडद्याचा तुकडा. व्हिडिओ कॉल असायचा, फोन आईच्या हातात. दिसायची ती आई, दवाखान्याच्या ओसरीत भिंतीला पाठ लावून बसलेली. तिच्या मागे एक अनोळखी बाई तीन विटांवर चहा उकळत असायची. "ही सरिता," आई म्हणाली होती, "हिचा सासरा नानांच्या शेजारच्या खाटेवर आहे. काल मला अर्धी भाकरी दिली हिने. तू जेवलास का?" तो तेव्हा फ्रँकफर्टमध्ये एका नव्या हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर उभा होता, भिंतीतून वाहणाऱ्या ऑक्सिजनचा दाब मोजत. नानांचा ऑक्सिजन चाकांच्या गाड्यावरून येत होता. तो पोचला तेव्हा ओसरी झाडून झाली होती, सरिताही गेली होती, आणि आईने त्याला फक्त त्या विटा दाखवल्या होत्या.

म्हणून त्याला जायचं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. दाब, नळ्या, झडपा, एवढंच सांगितलं होतं. आणि त्यानेच, टाकीपासून विस्तव किती दूर हवा ते पाहून, त्या बाईच्या विटा यादीत घातल्या होत्या. अनुक्रमांक चौदा.

"तिकडे सरिता असेल ना कोणीतरी," आई म्हणाली, जणू त्याच्याच मनातलं एखादं पान तिच्या हाती लागलं होतं.

"टाकी दुसरीकडे नाही बसत, आई. पूर्वेला जागाच नाही. रॅम्प आहे."

"रॅम्प उलटा घे."

तिघांनीही सोफ्याकडे पाहिलं. अरुंधती खिडकीबाहेर बघत होती. बोलली ती, पण तिलाच ते नंतर ऐकू आल्यासारखं वाटलं.

"काय म्हणालीस?" देवदत्तने विचारलं.

"रॅम्प दक्षिणेकडून चढवा. तिथे जमिनीला उतार आहे, मग रॅम्प आखूडही होईल. पूर्वेची बाजू मोकळी होते. टाकी तिथे. ट्रकलाही रस्त्यावरूनच भरता येईल, अंगणात शिरायला नको."

"तू नकाशा बघितलास," मुक्ता म्हणाली. "वहिनी, तू तर हातसुद्धा लावणार नव्हतीस."

"हात नाही लावला."

खरंच लावला नव्हता. सकाळी सगळे उठायच्या आधी, दूध तापेपर्यंत, ती नुसती टेबलाशी उभी राहायची. शुक्रवारी, काल, आज. सहा वर्षांत तिने रेघ ओढली नव्हती. पण डोळे ओढत राहिले होते. काल तर दूध उतू गेलं, आणि तिने ते स्पृहाच्या नावावर खपवलं होतं.

तिने लेकीचं डोकं अलगद उशीवर ठेवलं आणि उठली. देवदत्तच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, न विचारता.

आधी रॅम्प. मग टाकीचा गोल. मग मागच्या भिंतीपाशी हात थांबला. "आई, किती लांब हवी?"

"साठ पेशंट, म्हणजे दीडशे माणसं धर. सगळी एकदम झोपत नाहीत. पण सगळी एकदम बसतात." मनोरमाबाई तिच्याजवळ सरकल्या. "आणि बायांना वेगळा आडोसा. आणि नळ, हात पोचेल असा. आमच्याकडे नळ उंच होता, पोरींना चवड्यांवर उभं राहावं लागे."

"वॉर्डातून दार?"

"हो तर. हाक ऐकू आली पाहिजे."

रेघा आपसूक येत होत्या. वॉर्डाच्या मागे लांबलचक ओसरी, तिच्या टोकाला नळ, आणि अंगणापलीकडे, होता तिथेच, तंदूर. पॉप्लरचा कापूस कागदावर उतरत होता आणि अरुंधती त्याला न हलवता त्याच्या बाजूने रेघ नेत होती. खोली उजेडाने भरून गेली होती. काही वेळ असं वाटलं की हे तिघे टेबलाभोवती नाहीतच, त्या अंगणात उभे आहेत, रोट्या होईपर्यंत.

"जा तू," मनोरमाबाई लेकाला म्हणाल्या. इतक्या साधेपणाने, की मीठ मागावं तसं.

मुक्ता उठून बसली. "जेवताना विषय संपला होता."

"जेवताना मी याची आई होते."

"आणि आता?"

"आता सिस्टर आहे."

"सोयीचं आहे. आणि वहिनीचं काय? फ्रीजवरचा तो कागद तू वाचलास का? दोन वाजता स्पृहाला कोण आणणार? तंदूर?"

पेन्सिल थांबली. अरुंधतीच्या मनात आलं, जेवताना आई आणि मुक्ता माझ्या बाजूने होत्या, पण माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. आता दोघी दोन बाजूंना फुटल्या, तेव्हा ते निघालं.

मनोरमाबाईंनी खुर्ची ओढली. बसल्या. "मी आणलं असतं. पण सप्टेंबरात मला इथे कोणी राहू देणार नाही." मग नकाशाकडे बघत म्हणाल्या, "देवा सुधाच्या पायरीवर बसायचा. शाळा सुटल्यापासून माझी ड्युटी संपेपर्यंत. तिने आत बोलावलं तरी जायचा नाही, कारण पायरीवरून स्टँड दिसायचा. मला ठाऊक नव्हतं असं कोणी समजू नका."

"मला आवडायचं तिथे," देवदत्त म्हणाला.

"खोटं बोलू नकोस. आता चाळिशी आली." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पण मी नोकरी सोडली नाही. अरुंधती, तूही सोडायची नाहीस. तू सही कर. याने काय करायचं ते त्याने बघावं."

"मी करणारच आहे, आई," अरुंधती म्हणाली. आवाज शांत होता, तिलाच नवल वाटलं. "मंगळवारी सही करून पाठवणार. देवदत्त, तू जा किंवा नको जाऊ. पण दोन वाजताचं उत्तर तू आणायचंस. मी नाही. मी तुझा रॅम्प फिरवून दिला, आता एवढं तू."

देवदत्तने मान हलवली. त्याने तंदूर असलेल्या चौकोनावर बोट ठेवलं. "मी त्यांना सांगतो, तीन आठवडे तिथे, तीन इथे. यापेक्षा जास्त नाही. नाही म्हणाले तर दुसरा कोणी जाईल, पण हा नकाशा घेऊन जाईल."

"आणि तिथल्या तीन आठवड्यांत?" मुक्ताने विचारलं.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

"माझ्याकडे बघू नका. म्युनिक तीन तासांवर आहे." तिने केसांतला कापूस काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा सोडून दिला. "शुक्रवार. शुक्रवारी मी घरूनच काम करते, ते घर कुठलं हे कोणी विचारत नाही. शुक्रवार माझा. उरलेले चार तुम्ही बघा."

"गेनाऊ, बरोबर," देवदत्त पुटपुटला. "चार."

चार दुपारी उरल्या होत्या. अरुंधतीने त्या टेबलावर असल्यासारख्या मनात मांडून पाहिल्या. एकीवरही ठेवायला वाटी सापडेना. तरी तिने नकाशा गुंडाळू दिला नाही.

*

स्पृहा कधी उठली ते कळलं नाही. ती खुर्चीवर गुडघे टेकून चढली आणि आईच्या कोपराखालून डोकं घालून बघू लागली. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर जर्मनमध्ये द्यायची, आणि तिची आजी त्यावर "हो का, हो का" म्हणायची. दोघींचं त्यात बरं चाललं होतं.

अरुंधती ओसरीत माणसं काढत होती. नकाशात माणसं काढायची ती मापासाठी, जागा पुरते का ते दिसावं म्हणून. छोटी, बोटाच्या पेराएवढी. एक बसलेली. एक कुशीवर. एक डब्यापाशी.

"वेर इस्ट डास?" हे कोण, म्हणून स्पृहाने बोट ठेवलं.

"ही कोणाची तरी आजी. आत तिचा नातू आजारी आहे ना, म्हणून ती इथे झोपलीये. त्याने हाक मारली की ऐकू यावी म्हणून."

"उंड डास?"

"हे कोणाचे तरी काका. आणि ही सरिता. ती सगळ्यांना चहा देते."

मनोरमाबाईंनी मान दुसरीकडे वळवली. स्पृहाने प्रत्येकावर बोट ठेवलं, प्रत्येकाचं आत कोण आहे ते विचारून घेतलं, आणि तिला प्रत्येक वेळी उत्तर मिळालं. मग ती बाबाकडे वळली. तो लॅपटॉप मिटत होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, पुन्हा कागदाकडे. ओसरीत अजून बरीच मोकळी जागा होती.

या वेळी तिने मराठीत विचारलं, शब्द एकेक करून ठेवत, कारण आजीलाही कळायला हवं होतं.

"आई, तिकडे बाबा आजारी पडला, तर इथे कोण झोपणार?"

पेन्सिलीचं टोक ओसरीच्या मोकळ्या जागेवर टेकलं होतं. ते तिथेच राहिलं.